पेटीला दिलेला चटका

एकदा एक म्हातारा मधवाला होता, मधमाश्यांच्या पेट्या ठेवायचा. त्याच्या हाताखाली सहा वर्षं शिकलेला लखू एके दिवशी दुपारी तोंड पाडून आला. त्याच्या बायकोला, यमुनाला, गळ्यात कॅन्सरची गाठ. जिल्ह्याच्या दवाखान्यात रोज किरणांचा शेक, लोक लाईट म्हणतात तो, घ्यायला लखू तिला न्यायचा. दहा झाले होते, वीस राहिले होते.

“तात्या, उद्यापास्नं न्यायाचं बंद,” लखू म्हनला. “डाक्टरच सांगतोय, रक्तातल्या लढणाऱ्या पेशी कमी झाल्यात. आपल्याच राखणदारांस्नी मारायचं, ही कसली दवा?”

म्हातारा उठला, चुलीतली लाल सळई घेतली आन थेट पोळं पोखरणारा मेणकिडा शिरलेल्या मधपेटीकडं गेला. झाकण काढलं, एक चौकट उचलली, सळई पोळ्यात खुपसली. चर्र झालं. आतले किडे जळाले. त्यांच्यासंगं बारा-पंधरा माश्या करपून खाली पडल्या.

 एक माशी चिरडली म्हणून याच म्हाताऱ्यानं एकदा लखूच्या मुस्काटात दिली होती.

“डोकं फिरलं का तात्या?” त्यानं म्हाताऱ्याचं मनगट धरलं.

“सोड. सकाळी ये. तवर यमुनाचं काय ठरवू नगंस.”

सकाळी लखू आला. जळलेले किडे माश्या ओढून पेटीबाहेर टाकत होत्या. त्यात काय नवल नव्हतं. पण शेजारच्या चौकटीतलं किड्याचं जाळंही त्यांनी फाडलं होतं. तिला सळई लागलीच नव्हती. तिथले जिते, वळवळणारे किडे माश्या पेटीच्या दारातनं खाली लोटत होत्या. महिनाभर ह्याच माश्या त्याच किड्यांवरनं निवांत चालत गेल्या होत्या. 

“किडा जाळं पांघरून बसतो,” म्हातारा म्हनला. “अंगाला पोळ्याचाच वास. माशीला वाटतं, आपलाच हाय. चटका बसला, किडा फुटला, खरा वास भाईर आला, तवा राखणदारांस्नी वळख पटली. लाईटचंबी तसंच हाय, लपलेली गाठ फुटली की रक्तातल्या राखणदारांस्नी तिची वळख पटू शकती. आपल्यातले काही जळत्यात, हे खोटं न्हाई. म्हनून सळई बोटभरच टेकवली. सगळी पेटी भाजली असती तर लढलं कोण असतं?”

“दरयेळी माश्या अशा जाग्या हुत्यात?”

“न्हाई. तुला खोटं सांगून धाडणार न्हाई. लई पेट्या जाग्या झाल्या न्हाईत, त्यास्नी आनखी दवा लागली. पन जिथं सळई टेकली तिथला किडा तरी मेला. तू दहा चटके देऊन पेटी उघडी टाकून निघालायस, गाढवा.”

लखूनं खाली पडलेली एक करपलेली माशी उचलली. तळहातावर ठेवून बघत राहिला. मग हळूच म्हनला, “तात्या, नऊची यष्टी गेली का?”

“अजून घाट चढतीया.”

माशी पेटीच्या झाकणावर अलगद ठेवून लखू घराकडं पळत सुटला.