झेरॉक्सवरचे सात टोचे

गोधड्या शिवून पोट भरणारी एक तान्हूबाई होती. एके दिवशी तिच्या दारावर नोटीस लागली, की हे घर तू गावच्या रावसाहेबांना लिहून दिलंस, आठ दिवसांत रिकामं कर. बाईच्या तोंडचं पाणीच पळालं. रावसाहेबांनी पुढे केलेले पेन्शनचे कागद सोडले, तर तिनं कुठं अंगठा उठवला नव्हता.

ती तहसीलदारांपुढे जाऊन उभी राहिली. रावसाहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "हिनं आपणहून इथं येऊन अंगठा दिला, आधारची झेरॉक्स दिली. मी तर हिचा कागद कधी हातात धरला नाही."

तान्हूबाईनं पदर घट्ट आवळला. "साहेब, ती झेरॉक्स उजेडात धरा. कोपऱ्यात सुईचे टोचे किती आहेत?"

"सात."

"ज्याला झेरॉक्स देते, त्याचे टोचे वेगळे. रेशनवाल्याला दिली तिला तीन, गॅसवाल्याला दिली तिला पाच. मागवून मोजा. सातांची एकच, पेन्शनच्या अर्जाला जोडतो म्हणून रावसाहेबांनी घरून नेलेली."

शिपाई गेला. दोन्ही झेरॉक्स घेऊन आला. तीन निघाले, पाच निघाले. पेन्शनचा अर्ज कचेरीत आलाच नव्हता.

रावसाहेब उसळले, "सही करता येत नाही, आणि भोकं मोजतेय."

"सही येत नाही म्हणूनच टोचते, रावसाहेब. शाईचं तुम्ही खोडलं असतं. भोक कसं बुजवाल?"

तहसीलदारांनी नोटीस रद्द केली, पोलिसाला बोलावलं आणि फायलीसाठी बाईकडे आधारची एक झेरॉक्स मागितली. तान्हूबाईनं आधी सुई काढली, मोजून नऊ टोचे घातले, मगच ती पुढे केली.