नऊ खणांचं घर

घर कुणासाठी बांधता, असं विचारलं की तुम्ही सांगता, घरच्यांसाठी. खोटं आहे ते. घरच्यांना तुम्ही विचारलेलंसुद्धा नसतं. रस्त्यावरून जाणारा मान वर करून बघेल का, एवढंच तुमच्या मनात असतं. पटत नसेल तर ऐका.

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, त्या काळी एका उंच पठारावर एक गाव होतं. तिथं नवं घर सगळं गाव मिळून बांधी, पण थंडी सुरू होण्याआधीच्या एकाच दिवसात. सूर्य मावळला की काम बंद. कारण दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे धडधाकट लोक बैल घेऊन मीठ आणायला समुद्राकडे निघत, ते थंडी सरल्यावरच परतत; ज्याच्या घरी बाळंतपण असेल तेवढा मागे राही.

त्या गावात एका तरुणाचं घर चुलीतल्या ठिणगीनं जळालं. तो, त्याची बायको आणि म्हातारा बाप शेजाऱ्याच्या उघड्या पडवीत राहू लागले. बायकोचे दिवस भरत आले होते. थंडी तोंडावर आली होती. गावानं त्यांच्यासाठी एक दिवस काढला.

तरुण हरखून गेला. "गाव एकदाच येणार," तो म्हणाला, "मग बांधायचं तर मोठंच बांधू. नऊ खण."

"नऊ?" बायको म्हणाली. "अहो, आपण माणसं किती?"

"पाहुणे आले तर?"

"गेल्या साली एक आला होता," बाप म्हणाला. "तोही वाट चुकून."

तरुणानं ऐकलं नाही. उजाडायच्या आत त्यानं खांबाखांबांमधल्या नऊ खणांच्या चुन्याच्या रेघा आखल्या, पाटलांच्या घरापेक्षाही लांब. मग गाव आलं. काय तो दिवस होता. ढोल वाजत होता, खड्डे खणले जात होते, खांब उभे राहत होते, गवताचे भारे हातोहात वर चढत होते.

"राजवाडा बांधतोय गडी," खालून कुणी म्हणालं, आणि आढ्यावर बसलेल्या तरुणाची छाती फुगली.

दुपार कलली. गवत नऊही खणांवर पसरलं होतं, पण इतकं विरळ की आत उभं राहिलं तर आभाळ दिसावं. डोंगराकडून गार वारा सुटला आणि आरपार गेला.

बायकोनं मूठभर चुना घेतला आणि मधोमध एक लहान चौकोन आखला.

"अहो, खाली उतरा. एवढंच शाकारा."

"गाव हसेल मला."

"गाव उद्या जाईल. इथं आपण राहणार आहोत. आपण आणि बाळ."

तरुणानं वरून त्या चौकोनाकडे पाहिलं. मग कडेच्या खणांवरचं गवत तो स्वतःच्या हातानं उपसू लागला. लोक हसले, चांगलेच हसले. पण ढोलवाल्यानं ठेका वाढवला तसे सगळे धावले. लहान छपरावर गवताचे थरावर थर चढले, भोवती कुडाच्या भिंती उभ्या राहिल्या. सूर्य डोंगराला टेकला, तेव्हा शेवटची पेंढी दाबून बांधली जात होती.

कडाक्याच्या थंडीत त्या घरात मुलगी जन्मली. चुलीची ऊब चारही कोपऱ्यांना पोचत होती. बाहेरचे उघडे खांब दहिवरात भिजत उभे होते. एकेक करून तेही चुलीत गेले.

घराचं माप बघणाऱ्यांच्या नजरेनं घेऊ नये, राहणाऱ्यांच्या गरजेनं घ्यावं.

बाळ बघायला गावातली एक म्हातारी आली. चुलीभोवती सगळे दाटीवाटीनं बसले होते. तिनं काठी भिंतीला टेकवली.

"सरका जरा," ती म्हणाली, "मलाही शेकू द्या."