लेंडीवरचा देठ

“पण मीच का? त्याला खांद्यावर मीच का घ्यायचं, महाराज?”

अंबादासने आपल्या गुरूंना, केवलबुवांना विचारलं.

नदीपलीकडे नवा मठ उघडायला गुरूंनी मोरेश्वरला निवडलं होतं. मठाची रीत अशी, की नवा मठ उघडायला निघालेल्याने नदीत पाय घालायचा नाही. गुरुबंधूने त्याला खांद्यावर बसवून पलीकडे न्यायचं. तो मान गुरूंनी अंबादासला दिला होता. मान कसला, अंबादासच्या लेखी ती चक्क थट्टा होती.

“मी त्याच्या आधी आलो. पाठांतर माझं चांगलं. आणि मठ त्याला! जळतंय मला, महाराज. वाटतं, मधल्या धारेत सोडून द्यावं त्याला.”

केवलबुवा रागावले नाहीत. संन्यास घेण्याआधी ते कॉलेजात जिवाणूशास्त्र शिकवायचे, आणि ती खोड अजून सुटली नव्हती. त्यांनी काचेच्या झाकणाखालून शेळीची एक ओली लेंडी काढली, अंबादासच्या पुढ्यात ठेवली आणि हातात भिंग दिलं.

एवढ्या मोठ्या दुःखाला लेंडी! अंबादासने नाक मुरडलं. पण वाकला.

लेंडीवर केशरी ठिपके होते. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक ठिपक्याला बारीक देठ, देठावर बोंड.

“जिवाणू आहेत,” बुवा म्हणाले. “सुटा एकेक तुला दिसायचा नाही. खायला होतं तोवर जो तो आपापला हिंडत होता. अन्न संपलं, तसे गोळा झाले आणि मिळून हे देठ-बोंड उभं केलं. अनेकांचं मिळून एक शरीर व्हायची सुरुवात अशाच कुठल्यातरी उपासमारीत झाली असेल.”

“बोंडात कोण?”

“जे तगतात ते. पुढे नव्या जागी जातात.”

“आणि खालचे, देठातले?”

“बहुतेक मरतात. इथेच.”

“वरचे जास्त लायक असतात?”

“सगळे एकाच घरचे. सारखेच.”

अंबादासच्या डोळ्यांत पाणी आलं. “मग खालच्यांना जळत नाही?”

बुवांनी त्याच्या हातात सुई दिली.

“घे. सोडव खालच्यांना त्या ओझ्यातून.”

अंबादासने एक देठ मधोमध तोडला. बोंड खाली पडलं आणि ओल्या लेंडीलाच चिकटून बसलं. तुटका देठही आडवा झाला.

ना वरचे कुठे गेले, ना खालचे वाचले. मग त्याने सुई खाली ठेवली.

“मोरेश्वरला घेऊन उद्या कधी निघायचं?”

“उजाडलं की,” बुवा म्हणाले. “मधल्या धारेत दगड निसरडे आहेत. पाय रोवून चाल.”