कुंभारीण माशीचं मडकं

जनावरं बोलत होती तेव्हाही ऐकणारी थोडीच होती, त्या काळातली ही गोष्ट.

रानातल्या मोठ्या खडकावर हत्ती, मोर आणि मगर पंच म्हणून बसत. कुणी काही नवं केलं तर त्यांना दाखवायचं. आवडलं तर ते खडकाच्या कपारीत जागा देत. बघायला सगळं रान लोटायचं.

एकदा कुंभारीण माशी चिखलाचं इवलंसं मडकं घेऊन आली. म्हणाली, "कितीही पाऊस पडला तरी आत थेंब जात नाही. पाणी ओतून बघा."

"माझा पाय मावेल का यात?" हत्तीने विचारलं. रान खो खो हसलं.

सूत्रधार माकड तिच्याजवळ वाकून कुजबुजलं, "मावशी, मडकं राहू द्या. मागच्या पावसात तुमची पिल्लं वाहून गेली ना, ते सांगा. मंडळींना तेच आवडतं."

तिने सांगितलं. सांगता सांगता तिला रडू फुटलं. सगळं रान हळहळलं. मगरीने तर सर्वांत मोठे अश्रू ढाळले. मग माकडाने टाळी वाजवली, "चला, पुढचा कोण?"

परतताना फांदीफांदीवरून पाखरं म्हणत होती, "हीच ती, रडलेली!"

घरी आल्यावर तिने पानात साचलेलं पाणी स्वतःच मडक्यावर ओतलं आणि आत डोकावून पाहिलं.

आत कोरडं होतं. सांगायला कुणी नव्हतं.