चांदीची बोटं आणि वाकडा कंदील

एका राज्यात, सात डोंगरांच्या पल्याड, धवलसेन नावाचा राजा राज्य करीत होता. राजा पराक्रमी, राजा न्यायी, पण एक खोड भारी वाईट. वाकडं म्हणून काही खपायचं नाही त्याला. शिपायांच्या मिशा एका मापाच्या, बागेतली फुलं एका रांगेत, आणि ताटातल्या करंज्या अशा की एक उचलून दुसरी ठेवली तर कळू नये. आता तुम्हीच सांगा, असल्या घरात दिवाळी सुखाची व्हायची कशी?

राणी देवाघरी गेलेली. मागं एकच लेक, तारावळी, सात वर्षांची. राजाचा सगळा जीव तिच्यात, पण ते सांगायची अक्कल कुठं होती त्याला?

त्या वर्षी राजानं मेघडंबर नावाच्या जादूगाराची गुहा जिंकली आणि तिथून चांदीची पेटी आणली. पेटीवर एक साळुंकी बसलेली, तीही बरोबर आली. पेटीत तीन वस्तू निघाल्या. एक मातीचा किल्ला, बुरूज जराही न कललेला. एक आकाशकंदील, सुरकुती नसलेला. आणि थाळीभर नानकटाया, सगळ्या एका साच्यातल्या. राजा खूश झाला. म्हणाला, "झाली दिवाळी! आता कुणी राबायला नको."

वसुबारसेला तारावळी अंगणात माती कालवायला बसली. राजा ओरडला, "हात लावू नकोस! घाण करशील." धनत्रयोदशीला तिनं पतंगाचा कागद उचलला. "हात लावू नकोस! फाडशील." नरकचतुर्दशीला ती मुदपाकखान्यात पिठाच्या परातीपाशी गेली. "हात लावू नकोस! वाया घालवशील."

तिसऱ्यांदा शब्द तोंडातून सुटला मात्र, पोरीची दहाही बोटं चांदीची झाली. वळेनात की दुमडेनात.

"आबासाहेब, गार लागतंय हो," ती म्हणाली.

राजानं तिचे हात आपल्या शेल्यात गुंडाळले, पण ऊब काही लागेना. तेव्हा पेटीवरची साळुंकी बोलू लागली. "राजा, हा पेटीचा शाप. चांदी वर चढत जाईल. उद्या लक्ष्मीपूजन. दिवेलागणीला ती काळजापाशी पोचली, की तुझी लेक पुतळी झाली म्हणून समज."

"उपाय सांग."

"पेटीत आहे ते तिनं आपल्या हातानं करावं. किल्ला, कंदील, नानकटाई. ती सांगेल तेवढंच तू करावंस. न सांगता बोट लावलंस, तर चांदी वीतभर वर जाईल. आणि नानकटाई मेघडंबरानं खाऊन तोंडानं आणखी मागावी."

"तो मागेल?"

"तीनशे वर्षांत त्यानं कुणाकडं काही मागितलेलं नाही," साळुंकी म्हणाली.

मग काय, राजानं मुकुट खुंटीला लावला आणि स्वतः मातीची पाटी वाहून आणली. तारावळीची बोटं वळत नव्हती, पण थापटायला मोठी कामाची. थप थप थप, किल्ला उभा राहिला. बुरूज मात्र कलला. राजानं नजर वळवली, पुन्हा बघितलं, आणि मेला हात गेलाच हो पुढं! बुरूज सरळ केला. त्याच क्षणी चांदी पोरीच्या कोपरापर्यंत सरसर चढली.

पोरगी रडली. पण हातासाठी नाही. "आबासाहेब, माझा बुरूज!" म्हणून रडली.

त्या रडण्यानं राजाचं काळीज चिरलं. "चुकलो, तारे," तो म्हणाला. उभ्या जन्मात हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघाला. तारावळीनं नाक पुसलं, सरळ बुरूज पाडला आणि होता त्याहून वाकडा बांधला. वर अळीव पेरले. पेरल्याबरोबर ते उगवले, किल्ला हिरवागार झाला. तिकडं पेटीतल्या किल्ल्याची राख झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंदिलाला हात घातला. "आबासाहेब, काडी धरा." राजानं धरली. "दोरा गुंडाळा."

"किती वेढे?"

"मी पुरे म्हणेपर्यंत."

ज्याच्या हुकुमावर दहा हजार घोडे धावायचे, तो राजा निमूटपणे दोरा गुंडाळत बसला. मैद्याची खळ त्याच्या मिशीला चिकटली, तारावळी खुदकन हसली, आणि काय आश्चर्य, राजालाही हसू फुटलं! पाच कोनांचा बेत होता, चारच निघाले. कागद एकीकडं झोळ, एकीकडं तंग. तोच कंदील राजानं तिच्या सांगण्यावरून महाद्वारावर टांगला. पेटीतला कंदील जळून गेला आणि चांदी मनगटापर्यंत उतरली.

दुपार कलली. नानकटाई राहिली होती. पिठीसाखर पडली, मैदा पडला, वेलदोडा पडला. तुपाची वाटी मात्र चांदीच्या बोटांतून निसटली आणि सगळंच्या सगळं तूप परातीत! राजाचं तोंड उघडलं. त्यानं ते मिटलं. दोन्ही हात मांडीखाली घेऊन तो त्यांच्यावर बसला. हा पराक्रम त्याच्या सगळ्या लढायांहून मोठा, मी म्हणते!

वाळू तापवलेल्या पातेल्यात थाळी ठेवली, झाकणावर निखारे टाकले. झाकण काढलं तर नानकटाया पसरून, एकमेकींना चिकटून एकच मोठी भाकरी झालेली.

तेवढ्यात आपल्या पेटीचा माग काढत मेघडंबर ढगावरून थेट मुदपाकखान्याच्या दारात उतरला. थाळीकडं बघून फिदीफिदी हसला. "राजा, नानकटाया गोल असतात. माझ्या बघ."

राजा उठून उभा राहिला. "माझ्या लेकीनं केली आहे," तो म्हणाला. "आमच्याकडं नानकटाई अशीच असते."

तारावळीनं बापाकडं मान वर करून बघितलं. असं तिच्या बाजूनं कुणी बोललेलं तिला आठवत नव्हतं.

मेघडंबरानं एका कडेचा तुकडा मोडला, तोंडात टाकला. बाहेर सूर्य डोंगराला टेकला. चांदी मनगटावरून दंडाला, दंडावरून खांद्याला आली. जादूगार चघळत होता, बोलत नव्हता. चांदी गळ्याखाली उतरू लागली. राजानं लेकीला घट्ट जवळ धरलं.

मेघडंबरानं ओठांवरचा चुरा बोटानं टिपला. घसा खाकरला. मग हळूच, तीनशे वर्षांत पहिल्यांदा, म्हणाला, "आणखी... मिळेल का?"

खळ्ळकन चांदी गळून पडली! पेटी दुभंगली, आतल्या नानकटायांचा कोळसा झाला, आणि तारावळीची दहाही बोटं गुलाबी, तुपानं माखलेली, वळवळू लागली. नगारे झडले, दारोदारी पणत्या लागल्या, साळुंकी भुर्रकन महाद्वारावर जाऊन बसली.

राजा तर लहान पोरासारखा रडत होता. इतक्यात मेघडंबरानं अधीर होऊन थाळीकडं हात नेला, आणि तारावळी कडाडली, "हात लावू नका!"

राजानं दचकून तिच्या बोटांकडं बघितलं.

"मधली गरम आहे अजून," ती म्हणाली. "थांबा, फुंकर घालून देते."

जादूगार मुकाट्यानं पाटावर बसला. राजाही त्याच्या शेजारी बसला.

त्या राज्यात महाद्वारावर अजून चारच कोनांचा कंदील लागतो, आणि तो सरळ करायचा हुकूम कुणालाच नाही. राजालासुद्धा नाही. त्यांच्या घरी जसा उजेड पडला, तसा तुमच्याही घरी पडो.