मैनेने आणलेला कढ

एका राज्यात राजाच्या लाडक्या लेकाला मांत्रिकाचा शाप लागला आणि तो पायांपासून गारगोटीचा होऊ लागला. उतारा एकच होता. आईने स्वहस्ते कढवलेला, ना कच्चा ना करपलेला, गुळाचा खडा. राज्यात ऊस होता तीन काहिलींपुरता, आणि गूळ कसा करतात हे कुणालाच ठाऊक नव्हते!

राणी मृणालवतीने पदर खोचला. सात डोंगरांपलीकडे धोंडजी नावाचा नामांकित गुळव्या राहत असे. त्याचे पाय थकलेले, म्हणून राणीने आपली बोलकी मैना त्याच्याकडे धाडली.

मैनेने निरोप आणला, "मधाचा रंग आला की उतरवा, राणीसाहेब." राणीने तसेच केले. पण तिच्या रानातला मध जांभळाच्या फुलांचा, काळाभोर. त्या रंगाची वाट पाहता पाहता रस करपला आणि राजपुत्र कमरेपर्यंत दगड झाला.

दुसरा निरोप आला, "फेस बसला की शंभरदा ढवळा." आता धोंडजीचा हात संथ आणि राणीचा घाईचा. तिची शंभरी लवकर भरली, पाक पातळच राहिला. गारगोटी गळ्याशी आली.

राणीला रडू कोसळले. तरी मनात नवल दाटलेच. ज्याला इतके अचूक येते, त्याला ते सांगता का येऊ नये?

"मैने," ती म्हणाली, "आता त्याला काही विचारू नकोस. काहिलीपाशी बैस आणि कानी पडेल ते जसेच्या तसे आण."

मैना परतली ती बोललीच नाही. तिच्या चोचीतून कढ येऊ लागला. आधी रटरट, मग फदफद, मग जड, मंद थबक थबक. तेवढ्यात म्हाताऱ्याने एकदम आत ओढलेला श्वास, आणि "उतरवा!"

"हा श्वास त्याने सांगितला नव्हता," राणी म्हणाली.

"तो घेतो हे त्यालाच ठाऊक नाही," मैना म्हणाली.

तिसरी काहील चढली. राणीने डोळे मिटून कान लावले. रटरट गेली, फदफद गेली. थबक थबक सुरू झाली आणि कुणी न सांगता तिचाच श्वास आत ओढला गेला.

"उतरवा!" ती ओरडली.

सोनेरी खडा ओठांना लागताच गारगोटी तडकली. "आई, अजून एक," राजपुत्र म्हणाला. राणीने त्याला उराशी कवटाळले. मांत्रिकाची विद्या त्याच क्षणी आटली आणि राज्यात पुन्हा सणवार सुरू झाले.

राणीच्या काहिलीचा कढ मैनेने धोंडजीला नेऊन ऐकवला. म्हाताऱ्याने मान डोलावली.

"हे मला माझेच काय ऐकवतेस?"

"तुझे नाही, बाबा," मैना म्हणाली. "राणीचे."