घोरपडीचा नकाशा

फार जुन्या काळी एका डोंगरावर एक घोरपड राहायची. कुठे भुसभुशीत मुरूम आहे आणि कुठे धरणीइतका जुना कातळ, हे ती नखांनी खरवडून बघायची आणि गुहेच्या भिंतीवर त्याचा नकाशा कोरायची. शेजारी हसायचे.

एका आषाढात उतार खचू लागला. साळिंदरबाई पिल्लांना घेऊन धावत आली. "घोरपडताई, आता कुठं जाऊ?"

घोरपडीने भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. आपला नकाशा चुकला असेल तर? तरी ती म्हणाली, "करवंदीच्या जाळीमागे जुना कातळ आहे. त्याच्या कपारीत शिरा, मीही येते."

दुपारपर्यंत अर्धा डोंगर खाली आला. कपार मात्र हलली नाही.

"चारही पिल्लं आहेत गं," साळिंदरबाई म्हणाली.

घोरपडीने कातळावर अंग टाकलं आणि मोकळा श्वास घेतला.